चर्नी रोड ते कुलाबा, दहा फुटांत

माझे वडील परळला रेल्वेच्या कारखान्यात साचेसुतार होते. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची, तर आधी तिचा लाकडी साचा लागतो. तो करणं हे त्यांचं काम. एंजिनाची चाकं, ब्रेकचे ठोकळे, पुलांचे खांब अशा कितीतरी गोष्टी आधी त्यांच्या हातून सागवानात उतरत आणि मग लोखंडात. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं. हातात टाक आला, म्हणून करवत कधी आली नाही. कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, एका पेढीत मी इंग्रजी पत्रांच्या नकला करायला लागलो आणि बाबांना त्याचा अभिमान वाटायचा.

एका सकाळी कामावर जाण्यासाठी पागोटं बांधता बांधता ते मटकन खाली बसले. अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि उजवा पाय कायमचे गेले, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बोलता येत होतं, पण ते मला कळेना. शब्द अर्धवट यायचे, कधी भलतेच यायचे.

फणसवाडीतल्या चाळीत तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. आई मी लहान असतानाच गेली होती. घरात बाबा, मी आणि माझी बायको. तिचं वय तेव्हा अठरा. सासऱ्यांसमोर ती बसायची नाही, दाराआड उभी राहून कामापुरतं बोलायची. पण मी दिवसभर पेढीवर. जेवू घालणं, कूस बदलणं, सगळं तिच्यावर आलं, आणि महिन्याभरात बाबांचं बोलणं तिला कळायला लागलं. मला नाही, तिला.

एका रविवारी बाबा डाव्या हातानं खाटेखाली बोट दाखवून तेच तेच म्हणू लागले. मी पाणी दिलं, तपकिरीची डबी दिली, थुंकायचं तस्त पुढं केलं. ते चिडून मान हलवत राहिले.

"शेपटी म्हणताहेत मामंजी," बायको दारातून म्हणाली.

"कसली शेपटी?"

"ते मला काय ठाऊक! ट्रंकेत आहे म्हणताहेत."

ट्रंक ओढली. आत सागवानाचे तुकडे होते, नीट रंधून, कपड्यात गुंडाळलेले. त्यांच्यावर घडी घातलेला एक मोठा कागद. तो उघडला तेव्हा मला समजलं. चर्नी रोडपासून रेल्वे समुद्राच्या कडेला लागायची आणि तेव्हा चर्चगेटच्या पुढे कुलाब्याला जाऊन संपायची. मोठ्या लायनीच्या त्या शेवटच्या तुकड्याला बाबा शेपटी म्हणत. सुट्टीच्या दिवशी ते कुलाब्यापर्यंत जायचे आणि त्याच गाडीनं परत यायचे, काहीही काम नसताना. त्या कागदावर त्यांनी ती सगळी लायन काढली होती. स्टेशनं, सिग्नल, सोनापूरच्या स्मशानाची भिंत, कुलाब्याला कापसाच्या गाठी उतरवायचे धक्के. पेन्शनीत गेल्यावर तीच लायन लाकडात छोटी करून मांडायची म्हणून त्यांनी हे जमवून ठेवलं होतं.

आता ते डाव्या हातानं माझ्याकडे बोट दाखवत होते.

"बाबा, मला खिळासुद्धा ठोकता येत नाही," मी म्हणालो.

ते काहीतरी पुटपुटले. बायकोनं पदर तोंडाला लावला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ते मला माहीत आहे."

अशी सुरुवात झाली. बाबांना सगळं येत होतं आणि काही करता येत नव्हतं. मला दोन्ही हात होते आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. पेढीवर जायच्या आधी तासभर आणि रविवारी दिवसभर मी बाबांच्या खाटेशेजारी कामाला बसायचो. भिंतीलगत लाकडी घोड्यांवर दहा फूट फळ्या मांडल्या होत्या. बाबा बोलायचे, बायको सांगायची, मी करायचो आणि बिघडवायचो.

"धार उलटी धरलीत म्हणताहेत."

"कुठली धार?"

"रंध्याची. म्हणताहेत, पोळपाट धरल्यासारखा धरू नको."

रंधा लाकडात रुतायचा, करवत वाकडी जायची. बाबांचा डावा हात उचलला जायचा, हवेत थांबायचा आणि मांडीवर पडायचा. ते मला बघवत नसे. त्यांच्या डोळ्यांसमोर पंचवीस वर्षं राखून ठेवलेल्या सागवानाचा मी भुसा करत होतो. पण ते थांब म्हणाले नाहीत.

रुळांसाठी पितळी तार आणली आणि खालच्या स्लीपरांसाठी बांबूच्या कामट्या तासल्या. चाकं भुलेश्वरच्या एका काताऱ्याकडून करून घेतली, कारण ती माझ्याकडून होणं शक्यच नव्हतं. फळीवर सगळ्या जागा आखून झाल्यावर मी एका रविवारी स्लीपरांवर रूळ ठोकून तयार केलेले लांब तुकडे ओळीनं मांडायला घेतले. चर्नी रोडपासून बरोबर बसले. मरीन लाइन्सला जरासे पुढे सरकले. कुलाब्याला येईपर्यंत गाडी स्टेशनाच्या भिंतीतून आरपार जाणार असं दिसू लागलं. सव्वा इंच जास्त! मी दोनदा मोजलं. आखणी बरोबर, रूळही बरोबर, आणि तरी सव्वा इंच जास्त.

बाबांनी खूण केली. मी मोजायच्या दोन्ही पट्ट्या त्यांच्यासमोर धरल्या. आखणी मी पेढीवरच्या फूटपट्टीनं केली होती आणि रूळ बाबांच्या जुन्या पट्टीनं मोजून कापले होते. बाबांनी दोन्ही मांडीवर शेजारी ठेवल्या. त्यांची पट्टी किंचित लांब होती.

ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी साचेसुतारांची फूटपट्टीच मुळात मोठी असते. हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं ती पट्टी आमच्या घरात खुंटीला लटकत होती आणि मी कधी विचारलंही नव्हतं. बाबा हसू लागले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. अर्ध्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बायकोही हसली, आणि हसता हसता त्यांच्या पायथ्याशी खाली बसली. त्यानंतर ती दाराआड उभी राहिली नाही.

समुद्रावरून आमचे खूप वाद झाले. बायकोला वाटे, निळा खण पसरावा. बाबा नाही म्हणाले. आपला समुद्र निळा कुठं आहे? ओहोटीला काळे खडक उघडे पडतात आणि पाणी चिखलाच्या रंगाचं होतं. शेवटी तिनं तिचं एक जुनं धुवट लुगडं हळद-काजळीत बुडवून काढलं. तो रंग बाबांना पसंत पडला.

गाडी ओढायची युक्ती बाबांची. दोन्ही टोकांना एकेक रीळ, त्यांवरून मेणलेला दोरा आणि चर्नी रोडच्या बाजूला, म्हणजे त्यांच्या खाटेच्या बाजूला, एक हँडल. ते त्यांनी डाव्या हातानं फिरवलं तेव्हा एंजिन आणि तीन डबे खडखडत निघाले. सोनापूरच्या भिंतीजवळ डबे घसरले. मी उचलून ठेवले. पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा गाडी कुलाब्याला पोचली. बाबा हँडल सोडेनात. तासभर गाडी जात-येत राहिली आणि आम्ही दोघं घसरलेले डबे उचलत राहिलो.

तोवर शहरात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सुरू झाला होता. मांडवीकडून त्याच्या बातम्या आल्या, मग गिरगावात आल्या. आमच्याच वाडीतल्या दोन बिऱ्हाडांनी कुलपं लावली आणि ती कोकणात निघून गेली.

"आपणही गावी जाऊ या," बायको म्हणाली.

"बाबांना बोटीत कसं चढवायचं? आणि मला रजा देणार कोण?"

"मग उशीर झाल्यावर काय करायचं?"

मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात बघू."

कुलाब्याचे धक्के तेवढे राहिले होते. एका सकाळी मी घाईघाईनं त्यांत खाचा पाडत होतो. बाबा खाटेवर पाय खाली सोडून बसले होते. पटाशी माझ्या हातातून निसटली. खाली पडल्याचा आवाज आला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी दुसरी पटाशी घेतली आणि काम करत राहिलो. थोड्या वेळानं बायको चहा घेऊन आली आणि किंचाळली. पटाशी बाबांच्या उजव्या पावलात उभी होती आणि खाली रक्ताचं थारोळं झालं होतं. बाबांनीही मग खाली वाकून पाहिलं.

"लागलं नाही म्हणताहेत," बायको रडत म्हणाली.

ते खरंच होतं. त्या पायाला काही लागतच नव्हतं.

जखम धुऊन हळद भरली, पट्टी बांधली. चार दिवसांनी पाऊल सुजलं, अंगात थोडी कणकण आली आणि जांघेत गाठ आली. पायाला जखम झाली की अशी गाठ येतेच. तिला आपण अवधाण म्हणतो. लहानपणी मलाही कितीदा आलं होतं. मी बायकोला म्हणालो, "काळजी करू नकोस, उतरेल." आणि पेढीवर गेलो.

त्या दुपारी तपासणीवाले आले. एक गोरा डॉक्टर, दोन गोरे शिपाई आणि त्यांच्याबरोबर एक देशी कारकून. त्या दिवसांत ते घरोघर जाऊन माणसांच्या काखा आणि जांघा तपासत. ताप आणि गाठ दिसली की माणूस उचलून प्लेगच्या हॉस्पिटलात नेत.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बायकोनं सांगितलं तेच सांगतो. परक्या पुरुषांपुढं ती कधी बोललेली नव्हती. ती मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "ते अवधाण आहे. पायाला जखम आहे, बघा तरी. अंगावरून वारं गेलंय म्हणून त्यांना बोलता येत नाही." कारकुनानं डॉक्टरला काहीतरी दोन शब्द सांगितले. अवधाणाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला माहीत नसावं. डॉक्टरनं बाबांना प्रश्न विचारला. बाबांनी उत्तर दिलं, पण ते तिच्याशिवाय कुणाला कळलं नाही.

"काय म्हणाले?" मी तिला विचारलं.

"म्हणाले, मुलगा येऊ दे. त्याला इंग्रजी येतं."

मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा दारावर गेरूची खूण होती, भिंतींना ताजा चुना होता आणि औषधाच्या वासानं डोळे चुरचुरत होते. खाट नव्हती. अंथरुणं नव्हती. वाडीच्या तोंडाशी अजून धुमसत असलेल्या ढिगाऱ्यात मी पितळी तार ओळखली. फळ्यांखाली उंदीर राहतात म्हणून दहाच्या दहा फूट त्यांनी बाहेर नेऊन जाळलं होतं. बायको रिकाम्या भिंतीशी बसली होती. "मी त्यांना सांगितलं हो," एवढंच ती म्हणत राहिली.

हॉस्पिटल म्हणजे बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या होत्या, भोवती कुंपण आणि फाटकावर शिपाई. आत सोडत नव्हते. मी घरी येऊन इंग्रजीत अर्ज लिहिला. पटाशी माझ्या हातून पडली, जखम त्यामुळे झाली, गाठ त्या जखमेची आहे, रोगी बोलू शकत नाही, तरी कृपा करून तपास व्हावा. माझं अक्षर इतकं वळणदार कधी आलं नव्हतं. शिपायानं अर्ज घेतला आणि टेबलावरच्या गठ्ठ्यात ठेवला. तिथं तसे पुष्कळ अर्ज होते.

रोज पेढीवर जाण्याआधी मी त्या फाटकाशी उभा राहायचो. आत गेलेल्यांची नावं एकजण मोठ्यानं वाचायचा. "आत गेलेले" म्हणजे मेलेले, हे पहिल्या दिवशी मला समजलं नव्हतं. बाजूच्या माणसाचं कुणीतरी वाचलं जायचं आणि तो तिथंच खाली बसायचा. मी मात्र नाव आलं नाही म्हणून मनात हात जोडायचो, आणि मग त्या माणसाकडे बघवायचं नाही.

अकरा दिवसांनी बाबांना बाहेर आणलं. गाठ उतरली होती. जखमेवर स्वच्छ पट्टी होती. अर्ज कुणी वाचला होता की नाही, कळलं नाही. मी त्यांना घोडागाडीत बसवलं आणि विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठही हलले नाहीत. आत असताना कधीतरी दुसरा झटका येऊन गेला होता. कुठल्या दिवशी, तेव्हा त्यांच्याजवळ कोण होतं, हे कुणालाच सांगता आलं नाही.

घरी बायकोनं त्यांना भिंतीला टेकून बसवलं. चुना मारलेल्या त्या रिकाम्या भिंतीकडे ते बराच वेळ पाहत होते. मला राहवेना. दुसऱ्याच दिवशी मी सुतारगल्लीतून सागवानाचा एक तुकडा आणला, जमेल तितका नीट रंधला आणि त्यांच्या डाव्या हातात दिला.

"बाबा, पुन्हा करू या? आता मला थोडं येतं."

त्यांनी तुकड्यावरून अंगठा फिरवला. नाकाशी नेला. मग तो हळूच शेजारी जमिनीवर ठेवला आणि डोळे मिटले.

मी बायकोकडे पाहिलं.

"काय म्हणाले?"

ती कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"मला नाही कळलं हो," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी रजेची वाट न पाहता नोकरी सोडली आणि आम्ही तिघं बोटीनं गावी गेलो. त्यांना बोटीत चढवायला चार माणसं लागली, आणि काही मिनिटांत काम झालं. गावी ते सात महिने जगले. तो तुकडा मी बरोबर नेला होता, पण पुन्हा त्यांच्या हातात दिला नाही. तो त्यांनी नको म्हणून खाली ठेवला होता, की नुसता हात दमला म्हणून, हे मी बायकोला नंतरही पुष्कळदा विचारलं. दर वेळी तिचं उत्तर तेच असे, आणि मग ती उठून आत निघून जाई.