चाळीस ढोल आणि नऊनंतरचा चहा

चहा घ्या आधी. आमच्या पबमध्ये रात्री नऊनंतर तेवढंच मिळतं!

हसू नका हो. ऑस्ट्रेलियातल्या खेड्यात, भर शनिवारी, नऊच्या ठोक्याला बिअरचा नळ बंद करून आल्याचा चहा ओतणारा पबवाला तुम्ही दुसरा दाखवा, मी तुम्हाला पब लिहून देतो. बरं, सरकारने लादलं म्हणावं तर तसंही नाही. मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, लेखी मागून घेतलंय! एवढी अक्कल कुठून आली, तेच तर सांगायचंय.

सोळा वर्षं मी सिडनीच्या पॅरामॅटात आयटीत काढली. स्कोफिल्ड्सला घर, गॅरेजमध्ये गाडी, गाडीच्या बाजूला पुण्याहून आणलेला एक ढोल. एक दिवस कंपनीने 'थँक यू, मिलिंद' म्हटलं आणि मला घरी बसवलं. त्याच सुमारास आम्ही नवरा-बायको डोंगरापलीकडे फिरायला गेलो होतो. सिडनीपासून पाच तासांवर, कुराबी नावाच्या गावात टायर पंक्चर झालं. वस्ती दोनशे माणसांची. मेंढ्या विचारू नका. गावात एकच पब, 'द वूलशेड', तो दोन वर्षं बंद पडलेला, आणि त्याच्या पायरीवर थर्मास घेऊन बसलेली एक म्हातारी.

ती मॉरीन. त्या पबच्या काउंटरमागे तिने उभी हयात काढली. पब बंद झाला तरी रोज अकराला पायरीवर येऊन बसायची, सवय म्हणून. तिने आम्हाला चहा पाजला, तिच्या नवऱ्याने, केव्हने, टायर बदलून दिलं. टायर बदलेपर्यंत मी पब चालवायला घ्यायचं ठरवून टाकलं होतं. अनघा म्हणाली, "तुला साधी बिअर ओतता येत नाही. अर्धा ग्लास फेस करतोस." पण ऑफिसची कामं लॅपटॉपवर कुठूनही करायची तिला सोय होती, त्यामुळे तिचा नाइलाज झाला.

पब घेतला त्या दिवशी मॉरीनने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "मिल, आमच्या लग्नाची पार्टी इथंच झाली होती. आता पन्नास वर्षं होतील. केव्हने तेव्हा मला तीन गाणी म्हणून दाखवली होती, तीच त्याला परत म्हणायचीत. इथंच. तोपर्यंत उघडेल ना रे पब?"

मी म्हणालो, "नो वरीज!"

हे दोन शब्द मराठी माणसाने जपून वापरावेत. कारण जुनं लायसन्स पबबरोबरच मेलेलं होतं. नवीन हवं होतं. दारूचं वेगळं, करमणुकीचं वेगळं. पार्टीला चार महिने होते.

आता आम्हाला काय हवं होतं? ऐका, यादी फार छोटी आहे. शनिवारी दहापर्यंत केव्हची गिटार, गुरुवारी क्विझ, मूड आला तर कधीतरी माझा ढोल. आणि अर्थातच मध्यरात्रीपर्यंत बिअर. संपलं.

अनघा म्हणाली, "मग एवढंच लिही."

"एवढंच कसं लिहायचं?" मी म्हणालो. "अगं, मी पुण्यात गणेश मंडळाचा कार्यकर्ता होतो. परवानग्या कशा काढायच्या हे मला नको शिकवूस. चार रात्री स्पीकर हवा असला तर दहा मागायच्या. साहेब सहा कापतो. कापल्याचं समाधान साहेबाला, चार रात्री आपल्याला!"

"इथले साहेब कापतात का?"

"साहेब इथूनतिथून सारखाच."

बसलो लिहायला. गिटारच्या जागी लिहिलं, 'लाइव्ह म्युझिक, आठवड्याचे सातही दिवस, मध्यरात्रीपर्यंत'. ढोल? एक लिहिला तर कापून उरणार काय, कातडं? म्हणून लिहिलं, 'पारंपरिक ढोल, चाळीस नग'. मग हात मोकळा सुटला. ताशे दहा. लेझीम पथक. ध्वज नाचवणारे. कापतील बिचारे, त्यांनाही चार कामं हवीत!

मग आला दारूचा अर्ज. आणि इथं माझा हात अडखळला.

कारण त्यात एक ओळ होती. अर्ज सगळ्यांना पाहता यावा म्हणून ऑनलाइन लावला जाईल. सगळ्यांना म्हणजे? माझ्या डोळ्यांसमोर कोथरूडची शालिनीआत्या उभी राहिली. आत्याचं वय एक्क्याऐंशी, पण इंटरनेटवर नातेवाइकांचा शोध घेण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. घरी सगळ्यांना मी सांगितलं होतं, "रेस्टॉरंट काढलंय." आता आत्या वाचणार, 'मिलिंद अमुकतमुक, दुपारी बारा ते रात्री बारा दारू'. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर. सकाळी सांगलीत!

म्हणून मी सभ्यपणे लिहिलं. 'मद्य फक्त टेबलाशी बसून जेवणाऱ्यांनाच, माफक प्रमाणात, आणि रात्री नऊपर्यंतच. त्यानंतर चहा व इतर सात्त्विक पेये.' म्हटलं, नंतर कोण बघतंय? पबला लायसन्स देताना साहेब स्वतःच म्हणेल, अहो नऊ काय, बारा करा!

आता बघा हां. एका अर्जात जास्त मागितलं, ते कापतील म्हणून. दुसऱ्यात कमी मागितलं, ते वाढवतील म्हणून. दोन्ही अर्ज एकाच टेबलावर जाणार होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नियमाप्रमाणे करमणुकीच्या अर्जाची नोटीस पबच्या खिडकीवर लावली. अर्धं गाव जमलं. केव्हने चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं आणि 'चाळीस' या शब्दापाशी थांबला. पुन्हा वाचलं. सगळे माझ्याकडे वळले.

"चाळीस ढोल, लव्ह?" मॉरीनने हळूच विचारलं.

"मोठे असतात का?" हा ग्रॅहम, पबच्या मागच्या माळावर मेंढ्या पाळणारा.

"तसे... कमरेएवढे."

"माझ्या मेंढ्या विणार आहेत, मेट."

त्यांना कसं समजावणार की चाळीस म्हणजे एक? मी म्हणालो, "काळजी करू नका, ते कापतील."

"कोण कापणार?"

"ऑफिसातले."

"का? तुला हवेत ना?"

मी म्हणालो, "हो, हवेत." आणि फसलो!

पंधरा दिवसांनी ऑफिसातून जनीन नावाच्या बाईंचा फोन. आवाज असा गोड की मला वाटलं, आला, घासाघीस करायला साहेब आला! मी सरसावून बसलो.

"मिलिंद, हे चाळीस वादक उभे कुठे राहणार?"

मी मनात म्हटलं, पहिला भाव कधी सोडायचा नसतो. "मागच्या माळावर."

"टॉयलेट?"

"भाड्याने आणू."

"आवाजाचं काय? शेजारी?"

"शेजाऱ्यांची संमतीपत्रं देतो." फोन ठेवला आणि अनघाला डोळा मारला. "बघ, आता मऊ पडतील."

अनघा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी घाबरायला हवं, पण इतक्या वर्षांच्या संसारात हे माझ्या लक्षात राहिलेलं नाही.

मला वाटलं, संमतीपत्रं कोण देतंय? गाव नाही म्हणेल, चाळीसचे आपोआप चार होतील, प्रकरण मिटेल. पण कुराबीचं गाव, हो! संध्याकाळी मॉरीन दारोदार गेली. म्हणाली, त्याच्या लोकांची ती पद्धत आहे, त्याला जीव लावून वाजवायचंय, आणि पब उघडला तर माझा केव्ह गाणार आहे. दोन दिवसांत एकतीस पत्रं! ग्रॅहमने तर गाभण मेंढ्या पार नदीपलीकडच्या रानात नेऊन ठेवल्या. पत्रात लिहिलं, 'मेंढ्यांची सोय केली आहे. ढोल येऊ द्या.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या एका थापेसाठी मेंढ्यांनी घर बदललं होतं! आता तरी तोंड उघडायचं ना? पण लाज आडवी आली. म्हटलं, साहेब कापेलच.

पार्टी शनिवारी. लायसन्स आलं गुरुवारी. गाव जमलं, मी पाकीट फोडलं. करमणूक: सातही दिवस, मध्यरात्रीपर्यंत, चाळीस ढोल, दहा ताशे, लेझीम, ध्वज. मंजूर. एक टिपरू कापलेलं नाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या. केव्हने टोपी उडवली.

मग दारूचं. फक्त टेबलाशी, फक्त जेवणाबरोबर, रात्री नऊपर्यंत. मंजूर. एक मिनिट वाढवलेलं नाही!

टाळ्या थांबल्या.

मी धावत मागच्या खोलीत जाऊन जनीनबाईंना फोन लावला. "तुम्ही काहीच कापलं नाहीत!"

"का कापू? तू मागितलंस, गावाने पाठिंबा दिला."

"आणि ते नऊ?"

"अरे, ते तर फारच आवडलं आम्हाला! इतका जबाबदार पबवाला मी पाहिलाच नाही. तुझा अर्ज मी अख्ख्या ऑफिसला वाचून दाखवला."

"ते जरा बारा करता येईल का? शनिवारच्या आत?"

"नवा अर्ज करावा लागेल. दोनेक महिने."

बाहेर आलो. अनघा लायसन्स हातात घेऊन भिंतीला टेकून हसत होती. हसता हसता खाली बसली. "म्हणजे मिलिंद," ती म्हणाली, "नऊला बार बंद आणि ढोल चालू?"

मॉरीन मात्र हसली नाही. तिचा भाऊ सहा तास गाडी चालवून यायचा होता, तो पोचणार साडेनऊला. गाणी आणि टोस्ट त्याच्या समोरच व्हायचे होते. ती एवढंच म्हणाली, "उघडला ना पब, मिल. ते महत्त्वाचं." तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

शुक्रवारी पहाटे निघालो, सिडनीत वेंटवर्थव्हिलच्या देशी दुकानांतून लग्नाच्या जेवणावळीला लागतं तसलं पातेलं, किलोभर आलं, वेलदोडे आणि चहापत्ती घेऊन संध्याकाळी परत. येताना स्कोफिल्ड्सच्या घरून ढोलही उचलला. शनिवारी गाव नटूनथटून आलं. जेवणं झाली, बिअर झाली. नऊ वाजले. अनघाने बँकेतल्या बाईसारखं काउंटर बंद केलं आणि मी पातेलं उघडलं.

साडेनऊला भाऊ आला. केव्हने गिटार घेतली. दुसऱ्या गाण्यात शब्द विसरला, तर मॉरीनने ते म्हणून पुरे केले. मग साठ माणसांनी साठ कप चहा उंच धरून त्यांना टोस्ट दिला. मॉरीन डोळे पुसत म्हणाली, "पन्नास वर्षांपूर्वीच्या टोस्टमधलं मला काही आठवत नाही, सगळे टाइट होते. हा आठवेल." खरं सांगतो, माझेही डोळे भरले. इथंच थांबलो असतो तर किती बरं झालं असतं.

पण ग्रॅहम उठला. "मेट, ते चाळीस कुठायत?"

साठ माणसं माझ्याकडे बघायला लागली. मेंढ्या हलवल्या होत्या, हो त्यांनी! मी सगळं कबूल केलं. मंडळ, साहेब, कापाकापी, सगळं. मग केव्ह म्हणाला, "म्हणजे एक आहे?"

"एक आहे."

"वाजव."

मी वाजवला. चाळीसांच्या वाटणीचा वाजवला! बारा वाजेपर्यंत. लोक एकदम शांत बसून ऐकत होते. एकही जण उठून गेला नाही. मला वाटलं, वा, काय रसिक गाव आहे!

दुसऱ्याच दिवशी आत्याचा फोन. आता ऐका, जिच्या धाकाने मी हे सगळं केलं, ती काय म्हणाली? "अरे मिल्या, वाचला तुझा अर्ज. नऊपर्यंतच? आणि जेवणाबरोबरच? मग पब चालायचा कसा रे, गधड्या?"

नवा अर्ज अनघाने भरला. जे आहे तेच लिहिलं, अर्ध्या पानात मावलं. गावानेही मी न मागता पाठिंब्याचं पत्र पाठवलं. जनीनबाईंनी परवा ते मला फोनवर वाचून दाखवलं, आणि वाचताना त्यांना हसू आवरत नव्हतं:

'सध्या द वूलशेडमध्ये बिअर नऊपर्यंत आणि मिलिंदचा ढोल बारापर्यंत चालतो. आम्हाला मिलिंद आवडतो, म्हणून आम्ही उठून जात नाही. पण मधले तीन तास कोरड्या घशाने काढणं माणसाच्या शक्तीबाहेरचं आहे. कृपया बिअर वाढवावी.'

"सह्या छप्पन्न आहेत," बाई म्हणाल्या. "दुसरी मॉरीनची."

"आणि पहिली?"

पहिली अनघाची होती.