जेल दिसली की थांबव

“थांबव!”

मावशी हा शब्द तोंडाने कमी आणि हाताने जास्त म्हणायच्या. उजव्या हातात कोयता असे, म्हणून डावा पंजा वर व्हायचा, बोटांना खवलं चिकटलेला, आणि टीव्हीवरचं सगळं जागच्या जागी थांबायचं. रिमोट माझ्या हातात असे, पण हुकूम त्यांचा.

तुमच्याकडेही मासळीवाली येत असेल, तर ती आत आल्यावर घर कोणाचं हा प्रश्न जरा मागे पडतो, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या मावशी तारापूरच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातून दर रविवारी टोपली घेऊन बोईसरला यायच्या. इमारतीतली सगळी घरं करून माझ्याकडे शेवटी. उरलेली मासळी माझी, अशी वाटणी त्यांनी परस्पर करून टाकली होती. “बाय, तुज्यासाटीच ठेवलीय,” असं म्हणायच्या आणि मीही मान मिळाल्यासारखी खूश व्हायचे. मग स्वयंपाकघराच्या दाराशी गोणपाट पसरून त्या बोंबील साफ करायला बसत.

त्याच सुमारास मी ती मालिका बघायला घेतली. मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे सगळ्यांची ती बघून झाली होती. “तू अजून नाही पाहिलीस?” असं लोक अशा सुरात विचारत, जणू मतदार यादीत माझं नावच नाही. मालिका खुनाची, हिंदीतली, बक्षिसांवर बक्षिसं मिळालेली. लहानशा गावातली एक मुलगी मरते, तिच्या शेजारचा ट्रकवर क्लीनर असलेला पोरगा पकडला जातो आणि एक पोलीस अधिकारी बाई तपास करते. मी फोन बंद करून, उशी पाठीशी घेऊन, अगदी तयारीनिशी बसले.

पहिल्याच भागात त्या पोराला जेलमध्ये टाकलं आणि मागून आवाज आला, “थांबव!”

मी थांबवलं. मावशी उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. मला वाटलं, खुनी ओळखला वाटतं यांनी. त्या पोरासमोरच्या थाळीकडे बघत होत्या.

“भात गरम हाय,” त्या म्हणाल्या. “वाफ येतेय बग.”

मावशींचा पोरगा जेलमध्ये होता, हे त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून बोट धरली गेली आणि सगळे खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात गेले. वर्ष उलटून गेलं होतं. फोन नाही, भेट नाही. कधी सुटतील ते सांगू शकणारं कोणी नव्हतं. पण सुटेल का, असं मावशींना विचारायची सोय नव्हती. “येतो तो,” असं ठणकावून सांगायच्या, पोरगा पालघरच्या बाजाराला गेला असल्यासारखं.

त्या दिवसापासून रविवारी एक भाग, तोही मावशी असतानाच. हेसुद्धा त्यांनीच ठरवलं.

खून कोणी केला याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नव्हतं. डॉक्टर दिसला की “ह्यानंच केलाय.” पुढच्या रविवारी मास्तर दिसला की “नाय नाय, ह्यानं.” आपण चुकलो हे एकदाही कबूल केलं नाही. पोलीस अधिकारी बाईवर तर राग होता. “ही जेवते कवा? नुसती चा पिते. उपाशी मानसाला काय सुचनार?” पण जेल दिसली की पंजा वर. घोंगडी जाड आहे का, खिडकीतून वारा येत असेल का, नळाला पाणी आहे का, सगळं बघून झाल्यावरच मालिका पुढे सरकायची.

एकदा मी म्हटलं, “मावशी, हे खोटं असतं हो. सेट लावतात. आणि ही जेल तर आपल्याकडची.”

“मला येडी समजतेस?” त्या म्हणाल्या. “खोटं हाय ते ठाव हाय मला. पन ज्यानं बनवलं त्यानं कुटली तरी खरी जेल बगितली असेल ना? मी तर कुटलीच नाय बगितली.”

मी रिमोट त्यांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांचा खरा राग होता त्या पोराच्या आईवर. मालिकेतली ती आई घरात बसून नुसती रडायची. “उट की गं!” मावशी तिच्यावर खेकसायच्या. “बसनं जाता येतं हिला. बसनं! आनी ही रडत बसलीय.” बोंबलाचं डोकं जरा जास्तच जोरात उडायचं.

शेवटून दुसरा भाग मात्र मी आदल्या दिवशीच चोरून पाहिला आणि हादरले. जेलमधले लोक त्या पोराला बेदम मारतात. हे मावशींना दाखवायचं नाही, असं मी ठरवलं. रविवारी म्हटलं, “आज नेट नाही.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “पुडचं बगितलंस तू. मारतात ना त्याला?”

“हो.”

“मरतो?”

“नाही.”

“मंग लाव.”

मी लावलं. मार सुरू झाला, पण पंजा वर झाला नाही. कोयता गोणपाटावर ठेवून मावशी ताठ बसून राहिल्या. मला माझाच राग येत होता. पडद्यावरचा पोरगा बराच वेळ पडून राहिला, मग भिंतीला धरून उभा राहिला.

“उटला,” मावशी म्हणाल्या. “बगितलंस ना? उटला तो.” मग कोयता उचलला आणि नेहमीच्या आवाजात मला सुनावलं, “कालवनात चिंच बेताची घाल. मागल्या वेळी आंबट केलं व्हतंस.”

त्या गेल्यावर मी पोटभर रडले. त्यांचा पोरगा आता मलाही परत हवा होता.

पुढच्या रविवारी मावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग टोपली घेऊन त्यांची जाऊ आली आणि दारातूनच म्हणाली, “तिचा पोर आला! सोडलं त्यांना.” मी जिन्यात एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारचे बाहेर आले. बोईसरची फेरी आता जाऊच करते. मावशी काही पुन्हा आल्या नाहीत.

म्हणून मीच गेले, पेढे घेऊन. मावशींनी मला पोरासमोरच बसवलं. तो जेवत होता. मला वाटलं होतं त्याहून लहान दिसत होता आणि फार वाळला होता.

“तिथलं काही सांगतो का?” मी हळूच विचारलं.

“मी इचारतच नाय,” मावशी म्हणाल्या. “आलाय ना. बास.”

“आणि आपला शेवटचा भाग राहिलाय.”

“तू बग. मला काय करायचाय?”

पोराचं जेवण झालं. त्याने आपली थाळी घासली, भिंतीशी उपडी ठेवली आणि दाराशी येऊन उभा राहिला. दार सताड उघडं होतं. समोर वाळूत बोटी होत्या, त्याच्या वयाची पोरं जाळी विणत बसली होती, त्यातल्या एकाने त्याला हाकही मारली. तो हलला नाही. हात शरीराला चिकटवून, मान खाली घालून उभा राहिला. मला आधी काही कळलंच नाही. मावशींना कळलं.

“जा रे,” त्या म्हणाल्या. “हितं कोनाला इचारायचं नाय.”

त्याने एकदा आईकडे पाहिलं आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला. मावशी त्याच्यामागे निघाल्या, पण दारापर्यंत जाऊन चौकट घट्ट धरून तिथेच थांबल्या.