वलवणच्या रस्त्यावर दादाबरोबर

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांशी मी आयुष्यभर वाद घालत आले. लोणावळ्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचे मी, असल्या गोष्टींवर विश्वास बसणं शक्यच नव्हतं. म्हणून हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... कारण या हकिगतीत जी दिसली, ती मीच. आणि मी तेव्हा जिवंत होते — अजूनही आहे!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझा थोरला भाऊ, दादा, रेल्वेत होता. घाट चढताना गाडीला मागून जे जादा इंजिन लावतात, ते चालवायचा. रिटायर होऊन वर्ष झालं नाही तोच त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. वहिनी आधीच गेलेली, मूलबाळ नाही. वलवणला धरणाजवळ दोन खोल्यांत एकटा राहायचा आणि सोमवारी-शुक्रवारी डायलिसिससाठी मुंबईला जायचा.

किडनी मी देणार होते. रक्तगट जुळला होता. पण सर्जन म्हणाले, "यांचं वय साठीला आलंय, पायांच्या काड्या झाल्यात. या अंगाला ऑपरेशन झेपायचं नाही. दोन महिन्यांत ताकद आणा. मध्ये न बसता तुमच्या तिथल्या धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन यायचं आणि हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं. जमलं तर तारीख देतो."

मग मुंबईचे दिवस सोडून रोज सकाळी शाळेआधी मी वलवणला जाऊ लागले. आधी खुर्ची. चौथ्या-पाचव्या वेळी त्याचे हात दांड्यांकडे जायचे.

"हात!" मी ओरडायचे.

"अगं, आपोआप जातात."

मग धरणाचा रस्ता. त्याला दिवसाला दीडच पेला पाणी प्यायची परवानगी. शेजारी तलाव काठोकाठ भरलेला आणि याचे ओठ सुकलेले. मी मुद्दाम तलावाच्या बाजूने चालायचे, त्याला पाणी कमी दिसावं म्हणून. अर्ध्या वाटेवर ओढ्यावरची एक मोरी, म्हणजे छोटासा पूल होता, तिच्या कठड्यावर तो बसायचाच. तीन आठवडे झाले, पण मोरी काही न बसता ओलांडली जाईना. एकदा तिथं बसल्या बसल्या म्हणाला, "कुसुम, उगाच पोट फाडून घेतेस. मी काही आता बरा होत नाही."

"बोलण्यात दम घालवू नकोस. चल," म्हणाले मी. पण त्या दिवशी तो उठला तो घराकडेच वळला.

त्यातच माझ्या शेवटच्या तपासण्या निघाल्या. मंगळवार ते गुरुवार मुंबईत राहायचं होतं. निघताना बजावलं, "बुधवारी-गुरुवारी मी नसले तरी चालायचं."

"तू नसताना नाही जमायचं गं."

घाटात इंजिन हाकलेला माणूस खाली बघून हे बोलला. गाडीत बसले तरी माझ्या कानातून ते जाईना.

मंगळवारी संध्याकाळी उजव्या मांडीच्या शिरेतून नळी घालून, आत औषध सोडून किडन्यांचे फोटो काढले. रक्त लवकर थांबेना, म्हणून जांघेवर वाळूची जड पिशवी ठेवली. सकाळपर्यंत पाय हलवायचा नाही, अशी ताकीद.

बुधवारी साडेसहाला मी जागी होते. आमचे हे शेजारी स्टुलावर बसले होते. मी डोळे मिटले. आता दादाने चपला घातल्या असतील... आता रस्त्याला लागला असेल... त्या रस्त्यावर असावं असं फार फार वाटलं. मोरीपर्यंत मी मनाने त्याच्याबरोबर चालत गेले.

"काय म्हणालीस?" यांनी विचारलं.

"कुठं काय?"

"'बसायचं नाही दादा, चल' म्हणालीस."

पुढचं मला काही आठवत नाही, डोळा लागला असावा. साडेसातला नर्सने वाळूची पिशवी उचलली तेव्हा जाग आली.

गुरुवारी संध्याकाळी स्टेशनवरून आम्ही थेट वलवणला गेलो. दादा पायरीवर बसला होता, जरा रुसलेला.

"काल एवढं चालवलंस आणि चहाही न घेता गेलीस?"

"काल? दादा, मी आत्ता येतेय मुंबईहून."

"पुरे थट्टा. मोरीवर टेकणार तोच मागून आलीस. म्हटलं, लवकर सोडलं वाटतं? तर नुसतं 'बसायचं नाही दादा, चल.' भिंतीला हात लावून आलो की आपण! कुठं बसलो नाही. फाटकाची कडी काढून मागं बघतो, तर तू गायब." मग माझ्या पायाकडे बघत म्हणाला, "आणि हे काय झालंय? काल उजवा पाय ओढत होतीस."

माझ्यामागे उभ्या असलेल्या यांनी हातातली पिशवी हळूच खाली ठेवली. मांडीतून नळी घालणार हे मुंबईला जाईपर्यंत आम्हालाही माहीत नव्हतं.

रक्तात घाण साठली की डायलिसिसच्या पेशंटला भास होतात. मी मनाला तेच समजावलं. पण शनिवारी रस्त्यात पारूबाई भेटली. वलवणहून गावात दूध घालायची ती.

"बाई, पायाला काय लागलं व्हतं? बुधवारी दादांसंग चालला व्हता, लय लंगडत व्हता. मी हाक मारली, तुमी बघितलंच न्हाई."

"तुला दादाने सांगितलं का हे?"

"त्यांची कुटं गाठ पडली? म्या डोळ्यानं बघितलं की."

पारूबाईच्या रक्तात तर काही दोष नव्हता.

त्यानंतर दादा मोरीवर कधी बसला नाही. सर्जननी तारीख दिली. माझी किडनी त्याला लागली आणि तो आठ वर्षं जगला, चांगला हिंडता-फिरता. मग एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेला.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधून थकले. भीती मात्र कधी वाटली नाही. वाटतो तो हेवा — त्या रस्त्यावरच्या माझाच! एवढ्या सगळ्या सकाळी मी त्याच्याबरोबर चालले, आणि ज्या सकाळी तो पहिल्यांदा भिंतीपर्यंत पोचला, नेमकी तीच माझ्याजवळ नाही. भिंतीला हात लावला तेव्हा तो हसला का? दम लागल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला का? तो होता तेव्हा त्याने विषय काढला की मी "पुरे रे" म्हणून उठून जायचे.

आता कुणाला विचारू?