एक गोळी, चार भोकं

"चार गोळ्या मारल्या का हो त्याला?" मी विचारलं.

"नाही आजी, एकच," सीआयडीच्या मॅडम म्हणाल्या. "ती छातीत शिरली आणि आतच राहिली. बाहेर आलीच नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले."

माझ्या ओट्यावर कागद अंथरून त्यांनी घोंगडी पसरली होती. तिला चार भोकं होती. सवयीनं माझा हात भोकाच्या कडेचा धागा ओढायला गेला. मॅडमनी मनगटच धरलं. "आजी, हा मुद्देमाल आहे. काही ओढायचं नाही, काही शिवायचं नाही." मुद्देमाल म्हणजे कोर्टात दाखवायची वस्तू. मी हात मांडीखाली घेऊन बसले.

मी चौथी शिकलेली. पन्नास वर्षं घोंगड्या विणते, फाटलेल्या नीट करते. अंबडच्या बाजारात विकते. पोलिसांनी मला काही विचारायला यावं, असं माझ्याकडे कधी काही नव्हतं.

घोंगडी भिवा नावाच्या मेंढपाळाची. मेंढ्या चोरणाऱ्यांच्या शोधात एक फौजदार पहाटे माळावर गेला होता. तिथे त्यानं भिवाला गोळी घातली. भिवाजवळ कुऱ्हाड सोडा, काठीसुद्धा सापडली नाही. आता खुनाची केस फौजदारावरच होती. त्याचं म्हणणं असं, की भिवा घोंगडी पांघरून अंगावर आला, हात आत होते, तो हत्यार काढतोय असं वाटलं. बरोबरच्या दोन शिपायांनी तेच सांगितलं. भिवाची बायको कौसा म्हणत होती, माझ्या माणसानं कुणावर हात उचलला नाही. पण ती तिथे नव्हती.

"म्हणजे हात आत होते का बाहेर, एवढंच पाहिजे तुम्हाला?" मी विचारलं.

"एवढंच."

मला त्याचं नवल वाटलं. माणूस मेला, बघणारे तिघं एकाच बाजूचे, आणि विचारायचं तर या घोंगडीला.

मॅडमनी घोंगडीची आणि भोकांची मापं मोजून दिली. त्याच मापाच्या नव्या घोंगडीला मी दाभणानं चार भोकं पाडली. सोबत दोन पंच होते, त्यातल्या एकाला उभं केलं.

"या मामा. सरळ उभं राहा."

"आता मला गोळी घालता का, आजी?"

कुणी हसलं नाही. मंग तो सरळ उभा राहिला.

त्याला घोंगडी पांघरली. छातीवर फार तर दोन भोकं येत होती, बाकीची पाठीला. डोक्यावरून खोळ केली, पावसात करतात तशी. तर छाती उघडीच. खांद्यावर टाकून पाहिली. चारी भोकं काही एका जागी येईनात. दुपार झाली. पंचमामा घामाघूम.

"जाऊ द्या आजी," मॅडम म्हणाल्या.

"थांबा. चहा प्या."

चूक माझीच होती. फाटलेलं आलं की मी भोकच बघते, बाकीची घोंगडी बघतच नाही. चहा होईपर्यंत मी खऱ्या घोंगडीची टोकं बघितली. समोरासमोरच्या दोन्ही टोकांना पीळ बसल्यासारखी मोड होती. घोंगडीला आम्ही चिंचोक्याची खळ देतो. तिनं ती ताठ होते. भिवाची नवीच होती, आणि नव्या घोंगडीला गाठ बसली की तिची मोड सहजासहजी जात नाही.

ही पांघरलीच नव्हती. हिची गाती मारली होती.

गाती म्हणजे घोंगडी लांबीला दुमडायची, पाठीवरून घ्यायची, दोन्ही टोकं काखेतून काढून छातीवर एकमेकांवरून न्यायची आणि मानेमागे गाठ मारायची. छातीवर चार पदर येतात. पंचाला तशी बांधली. पेन्सिल घातली. चारी भोकांतून बराबर आत गेली.

"आणि हात?" मॅडमनी विचारलं.

पंचमामांनी हात हलवून दाखवले. दोन्ही बाहेर. गातीत हात आत घालायला जागाच नसते.

"पण गाती का मारली असेल?"

"दोन्ही हात मोकळे लागले की मारतात. मेंढी व्याली, कोकरू उचलायचं, तेव्हा."

मॅडमनी फाईल काढली. पंचनाम्यात लिहिलेलं होतं, प्रेताजवळ एक ओलं कोकरू. ते ओलं का होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

कोर्टात फौजदाराच्या वकिलानं मला विचारलं, "तुमचं शिक्षण किती?"

"चौथी."

"आणि तुम्ही तज्ज्ञ?"

"ते मला म्हाईत न्हाई. तुम्ही कोट काढा, मी गाती मारून दाखवते. मंग तुम्ही खिशातून रुमाल काढा, घोंगडीच्या आतून."

जज साहेबांनी वकिलाकडे बघितलं. कोट न काढताच वकील माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी भोकं पाडलेली ती नवी घोंगडी बांधून गाठ मारली, पेन्सिल चारी भोकांतून नेऊन त्यांच्या कोटाला टेकवली. ते हात आत घालायला गेले. दोनदा गेले.

बाहेर व्हरांड्यात फौजदार भेटला. पोरसवदाच होता. "आजी, खरं सांगतो, मला हात दिसलेच नाहीत."

"असंल," मी म्हणाले. "मलाबी ती टोकं दुपारपर्यंत दिसली न्हाईत. पण माझ्या हातात पेन्सिल व्हती."

त्याला शिक्षा झाली. शिपायांची साक्ष कोर्टानं मानली नाही. आता अपील हायकोर्टात आहे. कौसा घोंगडी मागायला गेली, तर निकाल लागेपर्यंत मिळणार नाही म्हणाले. मीही तिच्याबरोबर गेले होते. कारकुनाला म्हटलं, पिशवीत कडुलिंबाचा पाला तरी टाका, लोकरीला कसर लागते. तो म्हणाला, सील आहे, उघडता येत नाही.

कसरीला सील कळत नाही. पाचवं भोक पडलं, तर ते किड्याचं आहे हे सांगायला मीच लागणार. म्हणून चार भोकांची मापं मी घरच्या भिंतीवर कोळशानं काढून ठेवली आहेत. दिवाळीला घर सारवलं, तेवढी भिंत सोडली.