छताखालचं चंदेरी अस्तर

माझी ताई पोटासाठी आगी लावते. कोणी विचारलं की मी असंच सांगते आणि ती डोळे वटारते. खरं म्हणजे ती तपासणी केंद्रात आहे. इमारतीत वापरायचा माल आगीत टिकतो का, हे बघायला तिथे बोगद्यासारखी लांबलचक भट्टी आहे. भट्टीच्या छताला नमुना बसवायचं काम ताईचं. इतका नीट बसवते की सुरकुती शोधून सापडायची नाही. उशीचा अभ्राही तसाच चढवते बाई, काय बोलणार!

भावोजी पाठीच्या दुखण्यानं घरी बसले, तेव्हापासून त्यांचं घर तिच्या एकटीच्या जिवावर. म्हणून वरच्यांशी ती कधी हुज्जत घालत नाही. सगळी हुज्जत माझ्यासाठी राखून ठेवलेली.

माझा शिवणाचा कारखाना पत्र्याच्या शेडमध्ये. पलीकडच्या अर्ध्या भागात पाळणाघर. मधली भिंत छतापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तिकडची रडारड इकडे आणि इकडच्या मशिनींची घरघर तिकडे. उन्हाळ्यात सगळेच भाजून निघायचो. शेवटी जागामालकानं पत्र्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत चंदेरी अस्तर टांगलं. दोन्ही बाजूंनी चकचकीत, मध्ये बुडबुड्यांचं प्लास्टिक. ऊन वरच्या वर परतवतं. "तुमच्या ताईंच्याच भट्टीतून पास झालंय," मालक म्हणाला. माझी मान केवढी ताठ झाली!

मग एकदा ताई कामावरून थेट कारखान्यात आली. चहा नाही, बसणं नाही, नुसती वर बघत उभी.

"काय गं, छताला दृष्ट लावतेस का?"

"हे काढून टाक."

"का?"

तिची नजर छतावरून हटेना. आमचे हे कापड कापता कापता हसले. "अहो ताई, तुम्हीच पास केलंय की!" ताईचा चेहरा एवढासा झाला. ती तशीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "अजून काढलं नाहीस?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "कारण सांग, नाहीतर माझं डोकं खाऊ नकोस!"

तिनं मला हाताला धरून मागच्या बाजूला नेलं. "दोरीवर कागद वाळत घाल आणि पेटव. मग तसलाच कागद भिंतीला घट्ट चिकटव आणि पेटव. काय होतं बघ."

"कोडी घालू नकोस गं."

"जुन्या नियमात हे अस्तर सिमेंटच्या सपाट पाटीला चिकटवून तपासायचं. उष्णता पाटी पिऊन टाकते, अस्तर पास. नवा नियम म्हणतो, छताला जसं टांगणार तसंच टांगून जाळा, वरखाली हवेला जागा सोडून. परवा हेच अस्तर मी टांगलं. या टोकाला ज्योत लावली, बघता बघता त्या टोकाला गेली. पेटते थेंब गळत होते गं खाली."

आमच्याकडे जमिनीवर चिंध्याच चिंध्या. आणि पलीकडे पोरं.

"मग ओरड की! गप्प कसली बसतेस?"

"साहेबांना सांगितलं. म्हणाले, निकाल गिऱ्हाईकाचा, म्हणजे अस्तरवाल्या कंपनीचा. बाहेर फुटला तर नोकरी गेली समजा. जुना दाखला मुदत संपेपर्यंत चालणार. तो खोटा नाही, नियमानंच दिलाय."

"आणि तू?"

"जुन्या नियमाची कामं अजून येतात. आज सकाळीही एक अस्तर पाटीला चिकटवलं. सुरकुती पडू न देता." आणि माझी ही एवढी खमकी बहीण हमसून हमसून रडायला लागली.

मला भयंकर राग आला होता, पण काढू कोणावर? ती बोलली तर तिचं घर बसणार, गप्प राहिली तर आमच्या डोक्यावर ते तसंच.

संध्याकाळी मशिनी बंद करून आम्ही आमच्या बाजूचं अस्तर उतरवायला घेतलं. ताई शिडीवर. मधल्या भिंतीपाशी तिनं ते कापलं. पुढचं पलीकडे गेलेलं, आमच्या हाताबाहेरचं.

आवाज ऐकून पाळणाघरवाल्या मावशी कडेवर मूल घेऊन आल्या. "अगं, एवढं छान अस्तर का काढताय? पोरं आता कुठे दुपारची झोपायला लागली होती."

उंदरांनी कुरतडलं म्हणून ठोकून द्यायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. पण मुलाची नजर त्या चकाकीवर खिळलेली. मी ताईकडे बघितलं. ती हातातल्या तुकड्यावरची सुरकुती अंगठ्यानं सरळ करत होती, सवयीनं.

"मालकाला काय सांगू मी?" मावशींनी विचारलं.

"माझं नाव सांगा," ताई म्हणाली. "हे असं टांगलेलं पेटतं. मी स्वतः जाळून बघितलंय."

मग ती खाली उतरली, शिडी खांद्यावर घेतली आणि पाळणाघरात गेली.