पंपात सोडलेले दोन थेंब

अप्पांची गाडी विलायती बनावटीची होती आणि वयानं माझ्याहून मोठी. एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून त्यांनी ती घेतली, तेव्हा आमच्यासारखेच मागांवर चादरी विणणारे ओळखीचे सगळे कारखानदार येऊन बघून गेले आणि जाताना त्या काळ्या गाडीला पांढरा हत्ती म्हणून गेले. मला मात्र तिच्यातल्या एकाच गोष्टीनं वेड लावलं होतं. किल्ली फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधीच बॉनेटखाली टकटक सुरू व्हायची. आधी भराभर, मग सावकाश, मग बंद.

अप्पा म्हणाले, "पेट्रोलचा पंप आहे तो. विजेवर चालतो. पुढं पेट्रोल भरलं की थांबतो."

"पण भरलं हे त्याला कळतं कसं?"

"तुला काय करायचंय?"

मला तेच तर करायचं होतं. नुकतीच अकरावी पास झाले होते आणि तंत्रनिकेतनात यंत्रांच्या वर्गाला जायचं म्हणून हटून बसले होते. त्या वर्गात एकही मुलगी नव्हती. फॉर्म भरून तयार होता, अप्पांची सही तेवढी राहिली होती. अप्पा रोज "बघू" म्हणायचे, आणि आमच्या घरात "बघू" म्हणजे नाहीच.

कारखान्यातले माग बंद असलेल्या सुट्टीच्या दिवशी अप्पा दुपारचे झोपले होते. मी कारखान्यातला पाना आणला, बॉनेट उघडलं आणि पंपाचं टोपण काढलं. आत दोन बारीक टिकल्या समोरासमोर. किल्ली फिरवली की त्या एकमेकींना चिकटायच्या, सुटायच्या, आणि सुटताना मध्ये एक निळा ठिपका चमकायचा. चिकटल्या की वीज मिळून आतला पडदा पेट्रोल ओढायचा, सुटल्या की पुढं ढकलायचा. पुढं जागा उरली नाही की पडदा अडून बसायचा आणि टिकल्या लांबच राहायच्या. एवढं माझं मला उमगलं तेव्हा इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगणार कुणाला?

टोपण लावता लावता मनात आलं, आपण उघडलंच आहे तर थोडी निगाही राखावी. आमच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर होता. मला आठवतंय तेव्हापासून तो आमच्याकडे होता, मी त्याला मामा म्हणायची. रोज सकाळी तेलाची कुपी घेऊन तो मागामागांतून फिरायचा. जे वाजतं त्याला तेल, हा त्याचा धर्म. पंप तर गाडी चालेल तोवर वाजणारा. मी टिकल्यांवर दोन थेंब सोडले.

दुसऱ्या दिवशी अप्पा टेंभुर्णीला एका व्यापाऱ्याकडे चादरींचे नमुने घेऊन निघाले. तिथं मावशी राहायची म्हणून मी, आणि वाटेत गाडी रुसली तर असावा म्हणून मामा. मोहोळ मागं पडलं आणि गाडीनं दोन आचके देऊन जीव सोडला. किल्ली फिरवली. टकटक नाही.

मामानं पान्याच्या मुठीनं पंपावर ठोकलं. गाडी फर्लांगभर चालली आणि पुन्हा थांबली. अप्पांचा पारा चढला.

"परवा बॉनेट उघडलं होतंस की तू!"

"पंख्याचा पट्टा बदलला मालक. पंपाला हात न्हाय लावला."

"मग काय भुतानं लावला? खाल्ल्या घरचे वासे मोजतोस!"

अप्पांच्या तोंडून त्यानंतर जे निघालं ते मी लिहीत नाही. रस्त्यानं जाणारे दोन बैलगाडीवाले थांबून ऐकत होते. मामा मान खाली घालून उभा होता.  पण मी तोंड उघडलं तर सही गेली, एवढंच मला दिसत होतं.

मामानं टोपण काढलं, आत डोकावलं आणि म्हणाला, "कोरडं पडलं असंल. दोन थेंब तेल सोडू का?"

"नको!" मी केवढ्यानं तरी ओरडले. "मी बघते."

टिकल्या काळ्या पडल्या होत्या. निळा ठिपका उडत नव्हता. मागाला तेल लागतं कारण तिथं लोखंड लोखंडावर घासतं. इथं मात्र वीज जायची होती, आणि तेल जळून धरलेल्या काजळीनं तिची वाट अडवली होती. नमुन्यांच्या गठ्ठ्यावरचा जाड कागद फाडून मी त्याची पट्टी टिकल्यांमधून ओढत राहिले. कागद काळा निघेनासा झाला तेव्हा अप्पांना किल्ली फिरवायला सांगितलं. टकटक सुरू झाली.

अप्पा हसले. "पोरगी इंजिनेर हाय की आमची!"

त्या हसण्यानं मला धीर आला. म्हटलं, "अप्पा, तेल मीच घातलं होतं."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. अप्पा उलट जास्तच हसले. "बघा, बिघडवलंही हिनंच, नीटही हिनंच केलं!" टेंभुर्णीपर्यंत ते हेच घोळवून सांगत राहिले. जी चूक मामाची म्हणून शिव्या पडल्या, ती माझी निघाल्यावर कौतुकाची झाली. मामा मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होता. अप्पांनी त्याच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

मावशीच्या घरी पोचताच अप्पा म्हणाले, "काढ तो फॉर्म." तो मी पिशवीत घेऊनच हिंडायची. मामा बाहेर नळावर हात धूत होता, दारातून मला दिसत होता. 'अप्पा, मामाला काहीतरी बोला,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण अप्पांचं पेन अजून कागदाला टेकलं नव्हतं.

त्यांनी सही केली. मी शाई वाळेपर्यंत थांबले, आणि नंतरही बोलले नाही.