गाडीला बोलू द्या

लतीफमिस्त्री गाडीत बसायच्या आधी चपला काढत. गॅरेजच्या दाराशी त्या जोडीनं नीट ठेवत आणि गाडीत बसले की दोन्ही अनवाणी तळवे खाली टेकवून डोळे मिटून घेत. गाडी आपण चालवायची. ते शेजारी, समाधी लागल्यासारखे. आपण काही सांगायला तोंड उघडलं की डोळे न उघडताच म्हणत, "खामोश, बाई. तुमी लई बोलल्या. आता गाडीला बोलू द्या."

हिंगोलीत त्यांचं गॅरेज हळदीच्या बाजाराला लागून होतं. हंगामात पोती फिरायला लागली की दुरुस्तीला लावलेली पांढरी गाडी संध्याकाळपर्यंत पिवळी व्हायची. "माझ्याकडची गाडी हळद लागूनच सासरी जाते," असं ते म्हणत आणि कुणी हसलं नाही तर स्वतःच हसून घेत.

त्यांची माझी ओळख झाली ती आमच्या गाडीपायी. माझे यजमान डॉक्टर. त्यांनी हैदराबादच्या एका गृहस्थांकडून जुनी जर्मन गाडी घेतली. निळी, लांबलचक, आत बसलं की माणूस गादीत बुडावा अशी. मी तेव्हा पन्नाशीची होते, पण अक्कल अजून यायची होती. गाडी चालवायला शिकले ती कुठं जायचं म्हणून नव्हे, जाताना लोकांनी बघावं म्हणून. काळा गॉगल घेतला. आभाळ भरून आलं तरी गॉगल. त्या गॉगलपायी एकदा शाळेच्या फाटकाला गाडी घासली, तर घरी येऊन सांगितलं, "फाटक पुढं आलं होतं."

अशी ही बाई पहिल्यांदा लतीफमिस्त्रींच्या दारात उतरली आणि म्हणाली, "जरा जपून हं. परदेशी गाडी आहे."

मिस्त्री पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. टायरवरून हात फिरवला. मग वर न बघता म्हणाले, "परदेशी तं हाय, बाई. पन चालून कुठं राहिली? हिंगोलीच्याच रोडवर ना?"

गाडीचे बॉल जॉइंट गेले होते. ते काय असतं हे मला त्यांनी स्वतःच्या कमरेवर हात ठेवून समजावलं. चाक ज्या लोखंडी हाताला धरून असतं, त्याच्या टोकाला एका वाटीत गुळगुळीत गोळा बसवलेला असतो. खुब्यात मांडीचं हाड फिरतं तसा तो फिरतो, म्हणून चाक वळतं आणि खड्ड्यात खालीवरही होतं. वरून रबराची टोपी. ती फाटली की धूळ शिरते, ग्रीस आटतं, गोळा खिळखिळा होतो. आधी नुसता खट्ट वाजतो. तेव्हा ऐकलं नाही तर एखाद्या दिवशी चाक आडवं पडतं आणि गाडी रस्त्यातच बसते.

मला हट्टा गावच्या महिला मेळाव्याला प्रमुख पाहुणी म्हणून जायचं होतं, आणि ते या गाडीतूनच जायचं होतं. म्हटलं, "तात्पुरतं काही तरी ठोकठाक करून द्या." मिस्त्री जुगाडाला नाही म्हणणारे नव्हते. कुणाचं बॉनेट तारेनं, कुणाचा सायलेन्सर सायकलच्या ट्यूबनं बांधून देत. पण त्या दिवशी उठून उभे राहिले.

"बाकी गाडी सुतळीनं बांधून चालवा, मी बांधून देतो. पन ब्रेक अन् बॉल जॉइंट, इथं जुगाड करनारा मिस्त्री न्हाई, खुनी हाय."

नवा जॉइंट हैदराबादहून बसच्या डिकीतून यायचा होता. तोवर गाडी देईनात. शेवटी प्रमुख पाहुणी एसटीनं गेली, गॉगल लावून. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "डोळे आले काय, मावशी?"

पुढं डॉक्टर गेले. मुलं पुण्याला. मुलांनी सांगितलं, गाडी विकून टाक आणि इकडं ये. मी दोन्हींतलं एकही केलं नाही. पण घर फार शांत झालं. नवरा गेलेल्या बाईनं कुठं जाऊन बसावं हे आमच्याकडं ठरलेलं असतं. देवळात बसावं, भजनात बसावं, नाही तर लेकाच्या घरी गॅलरीत बसावं. गॅरेजात बसावं असं कुणी सांगत नाही. तिथं जायला काही तरी निमित्त लागतं.

म्हणून मी आवाज घेऊन जायला लागले.

"मिस्त्री, डावीकडं कुर्र वाजतंय." ते चपला काढून शेजारी बसत. हळदीच्या बाजारावरून, पुढं रेल्वेच्या फाटकापर्यंत आमची फेरी व्हायची. फाटकाशी पोचलो की डोळे उघडून म्हणत, "हाय. बारीक हाय." परत येऊन एखादा नट आवळत, चाकाला एक थाप मारत. मग काळा चहा यायचा. त्यांचा मुलगा अन्वर दुसऱ्या गाडीखालून पाय बाहेर काढून पडलेला असायचा, त्याच्याशी थोडी भांडणं व्हायची. माझी दुपार निघून जायची. पुढच्या खेपेला कुर्रच्या जागी मी टुक न्यायची. मला वाटायचं, काय हुशार आहे मी! एवढा कानाचा पक्का माणूस, त्यालाही फसवते.

वर्षं गेली. डॉक्टर नसण्याची सवय झाली, गाडी म्हातारी झाली, मीही झाले. मिस्त्रींना साखरेनं धरलं. एकदा गॅरेजात शिरताना अन्वरचा आवाज कानी पडला, "अब्बा, त्या जीपला तुमी पास केलं, अन् तो मानूस आज परत आला. आवाज तसाच हाय. पुन्ना असं झालं तं मी तुमाला गाडीला हात लावू देनार न्हाई. घरी बसा."

मिस्त्री म्हणाले, "घरी काय करू? भिंतीची सर्व्हिसिंग करू?" हसले, पण एकटेच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी नरसीहून येत होते. नामदेवाचं दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, आणि वाटेत गतिरोधकावर पुढून असा खट्ट आवाज आला की माझे दात वाजले. या वेळी आवाज खरा होता. तशीच हळूहळू गाडी गॅरेजात आणली.

मिस्त्री चपला काढून बसले. तळवे टेकवले, डोळे मिटले. मी बैलगाडीच्या चालीनं गाडी हाकत होते. प्रत्येक खड्ड्याला डावीकडून खट्ट, खट्ट. रस्त्याकडेच्या म्हशी मान वळवून बघत होत्या. फाटक आलं. मिस्त्रींनी डोळे उघडले आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "कायच न्हाई. झोपली हाय गाडी."

मी त्यांच्या पायांकडं बघितलं. साखरेनं तळव्यांची जाण गेली होती आणि वयानं कानांची. त्या गाडीत बसलेला माणूस फक्त डोळे मिटून बसला होता.

परत आलो तर अन्वर दारातच. "काय निघालं, अब्बा? का मी बघू?"

मी गप्प राहिले असते तर कधी तरी चाक पडलं असतं. बोलले असते तर मिस्त्री कायमचे घरी बसले असते. मी अन्वरला म्हटलं, "तू आधी चहा सांगून ये बाबा, घसा सुकला." तो गेला. मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "मिस्त्री, चाक वर घ्या. डावं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग जॅक लावला. मी पदर खोचला, त्यांनीच कधी तरी शिकवल्याप्रमाणं चाक वरखाली धरून गदागदा हलवलं, आणि त्यांनी हात आत घालून जॉइंटवर तळवा ठेवला. हात अजून शाबूत होते. त्यांचा चेहरा बदलत गेलेला मला दिसला.

"आवाज व्हता?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"लई?"

"म्हशी बघत होत्या."

त्यांनी हात पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "डॉक्टरीनबाई, सायेब गेले तवा तुमी आवाज घिऊन यायच्या. कवा कुर्र, कवा टुक. गाडीत एकबी आवाज नव्हता. मी ऐकला का न्हाई?"

मी खोचलेला पदर सोडला. "ऐकला," म्हटलं.

"मंग आता तुमी ऐका. हिसाब बराबर."

अन्वर चहा घेऊन आला. मिस्त्री ऐटीत म्हणाले, "डावं खालचं बॉल जॉइंट गेलं. हैदराबादला फोन लाव." अन्वर बघतच राहिला. "तुमाला आलं ऐकू?" "साफ!" मी चहात तोंड घातलं.

तेव्हापासून मी हिंगोलीतल्या लोकांच्या गाड्यांतून फुकट फिरायला लागले. "डॉक्टरीनबाईला बाजारात जायचं हाय, वाटेत सोडू," असं मिस्त्री गाडीवाल्याला सांगत. मी मागं बसायची. ते पुढं अनवाणी, मिटल्या डोळ्यांच्या फटीतून आरशात बघत. आवाज डावीकडून आला की मी पिशवी डावीकडं सरकवायची, उजवीकडून आला की उजवीकडं. पुढचं काम त्यांचे हात करत. एका खोट्या प्रमुख पाहुणीला म्हातारपणी खरी नोकरी लागली ती अशी. अन्वरनं पुन्हा घरी बसायचा विषय काढला नाही. मला वाटलं, त्याला कळलंच नाही. मी अशी हुशार पहिल्यापासूनच.

मागच्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

बरेच दिवस मी तिकडं फिरकले नाही. मग एका दुपारी घर पुन्हा पहिल्यासारखं शांत वाटायला लागलं, तेव्हा गाडी काढली. बाजारात हळद येऊन पडली होती, हवेत तोच वास. अन्वर हात पुसत बाहेर आला.

"काय झालं, काकू?"

"डावीकडं काही तरी वाजतंय रे. कुर्र असं."

तो गाडीकडं बघत राहिला. मग बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, बूट दाराशी जोडीनं ठेवले. शेजारी येऊन बसला, अनवाणी तळवे टेकवले आणि डोळे मिटले. मी गाडी सुरू केली. जुनी असली तरी पोटातलं पाणी हलत नव्हतं, इतकी गुपचूप चालली होती. मी काही बोलणार तोच तो म्हणाला, "खामोश, काकू."

आम्ही बाजार ओलांडला आणि त्यानं डोळे उघडले.

"हाय," तो म्हणाला. "बारीक हाय."

पोरानं जरा घाईच केली. त्याचा बाप निदान फाटकापर्यंत तरी थांबायचा.